निंदणाचा हिशेब

बीटी कापसाच्या बियाण्याची पिशवी फोडली की काही वर्षांपूर्वीपर्यंत आत आणखी एक लहान पुडी निघायची. पिशवीत ४५० ग्रॅम बीटी बी आणि पुडीत १२० ग्रॅम साधं, बिगर-बीटी. शेतकरी तिला ‘रेफ्युजी’ म्हणत. बीटी पऱ्हाटीच्या भोवती या साध्या बियाच्या पाच ओळी किंवा एकूण क्षेत्राचा २० टक्के भाग, यांपैकी जे जास्त भरेल तेवढं लावायचं, असा नियम होता. नांदगाव खंडेश्वरपासून अकोटपर्यंत कुठल्याही गावात विचारा, पुडीचं काय केलं? बहुतेकांनी ती धुऱ्यावर टाकून दिली, नाहीतर नांग्या भरायला वापरली. काही पिशव्यांत तर साध्या कापसाऐवजी तुरीचं बी असायचं. ते मात्र लोकांनी आवडीने पेरलं, कारण तुरीची डाळ होते.

या पुडीमागचं शास्त्र पक्कं होतं. बॅसिलस थुरिंजिएन्सिस नावाच्या जमिनीतल्या जिवाणूत बोंडअळीला मारणारं एक प्रथिन असतं. ते बनवणारा जनुक कापसाच्या झाडात घातला, की झाडच अळीला मारतं. पण लाखो अळ्यांत एखादी जन्मतःच ते विष पचवणारी निघते. सगळीकडे बीटीच असेल तर फक्त असल्याच अळ्या जगतील, त्यांचे पतंग आपसांत जोड्या करतील आणि काही वर्षांत सगळी पिढीच विष पचवणारी होईल. म्हणून थोडा साधा कापूस ठेवायचा. त्यावर साध्या अळ्या वाढतात, त्यांच्या पतंगांशी त्या एखाद्या दांडग्या पतंगाची जोडी जमते आणि होणारी पिल्लं पुन्हा बीटीवर मरतात.

आता हेच चार एकरवाल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या बाजूने पाहा. त्याला सांगितलं जात होतं की तुझ्या शेताचा पाचवा हिस्सा अळीला सोड, म्हणजे पूर्ण जिल्ह्याचं बीटी टिकेल. नुकसान त्याचं एकट्याचं, फायदा सगळ्यांचा, तोही दहा वर्षांनी. सगळ्यांच्या भल्यासाठी एकाने झीज सोसावी असं कोणत्या हक्काने सांगायचं? ती झीज कोण भरून देणार? शेजारी पाळत नसेल तर त्याने का पाळावं? हे कीटकशास्त्राचे प्रश्न नाहीत. ते नीतीचे आहेत, आणि त्यांचं उत्तर न शोधता पुडी पिशवीत घातली गेली. केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने २६ मार्च २००२ रोजी महिको-मोन्सँटोच्या तीन संकरित वाणांना परवानगी दिली. विषबाधा, ॲलर्जी, परागकणांचा प्रसार, उत्पादन हे सगळं त्याआधी तपासलं गेलं होतं. चार एकरवाला ती पुडी पेरेल का, हे कोणी तपासलं नाही.

पुढचं विदर्भातल्या शेतकऱ्याला सांगायची गरज नाही. २००६ मध्ये दोन जनुकांचं बोलगार्ड-२ आलं. पहिल्या जनुकाला गुलाबी बोंडअळी दाद देत नाही, हे २००९ च्या सुमाराला गुजरातेत दिसलं, आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रभर दुसऱ्याचीही तीच गत झाली. सकाळी पऱ्हाटीत शिरावं तर फूल उमलायचं सोडून पाकळ्या एकमेकींना चिकटून गुलाबाच्या कळीसारख्या मिटलेल्या. ही डोमकळी. ती उकलली की आत बारीकशी गुलाबी अळी. पुढे बोंड वरून धडधाकट दिसतं, फोडलं की आत सरकी पोखरलेली, कापूस पिवळट, कवडी झालेला. ही अळी जवळजवळ फक्त कापसावर जगते. म्हणजे ज्या पिशव्यांत तुरीचं बी होतं, त्यांनी हिरव्या बोंडअळीला आसरा दिला असेल, गुलाबीच्या बाबतीत त्यांचा काडीचा उपयोग नव्हता. जिथे पाण्याची सोय होती तिथे फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही उभं राखलेलं पीक, घेतली गेली आणि अळीला उन्हाळ्यापर्यंत खायला मिळालं. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात डोक्याइतक्या वाढलेल्या पऱ्हाटीत फवारणी करताना विषबाधा होऊन २० पेक्षा जास्त माणसं गेली, शेकडो दवाखान्यात भरती झाली. त्यांत रोजीने फवारणारे मजूरही होते, ज्यांचं ना बियाणं होतं, ना पीक.

अशा तंत्रज्ञानाला मी समाज ढवळून काढणारं तंत्रज्ञान म्हणतो. ते फक्त काम सोपं किंवा अवघड करत नाही. काम कोणाला मिळेल, ज्ञान कोणाकडे राहील, कर्ज कोणाच्या डोक्यावर बसेल आणि चुकलं तर बोट कोणाकडे जाईल, हे सगळं ते बदलून टाकतं. नेदरलँड्समधल्या विद्यापीठांनी २०२० पासून नेमक्या याच विषयावर दहा वर्षांचं मोठं संशोधन हाती घेतलं आहे. तत्त्वज्ञ तिथे अभियंते आणि शास्त्रज्ञ यांच्या बरोबरीने बसतात. पण या विषयाचा अभ्यास करायला वऱ्हाडाइतकी चांगली जागा जगात थोड्याच ठिकाणी असेल.

असा एकत्र अभ्यास आपल्या कापसावर झालेला आहे, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. केशव क्रांती हे कीटकशास्त्रज्ञ. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे ते अनेक वर्षं संचालक होते, अळीतली प्रतिकारशक्ती मोजण्यात त्यांचं आयुष्य गेलं. ग्लेन स्टोन हे अमेरिकेतले मानववंशशास्त्रज्ञ. तेलंगणातल्या वारंगळच्या गावांत त्यांनी वर्षानुवर्षं कापूसवाल्या शेतकऱ्यांच्या घरी बसून एकच गोष्ट विचारली: यंदा हेच बियाणं का घेतलं? उत्तर बहुतेक वेळा ‘सगळे घेत आहेत म्हणून’ असं निघालं. एका वर्षी अख्खं गाव एका ब्रँडमागे, पुढच्या वर्षी तो ब्रँड कोणाला नको. शेतकरी पूर्वी स्वतःच्या रानात बघून, पारखून शिकायचा. नावं इतक्या झपाट्याने बदलू लागली की शिकायला सवडच उरली नाही. २००७ मध्ये स्टोन यांनी हे मांडलं, तेव्हा ते कापसाच्या उत्पादनाबद्दल नव्हे, शेतकऱ्याच्या हातून निसटत चाललेल्या कौशल्याबद्दल बोलत होते.

मार्च २०२० मध्ये या दोघांनी मिळून ‘नेचर प्लांट्स’ या नियतकालिकात २० वर्षांच्या आकडेवारीवरून भारतातल्या बीटी कापसाचा हिशेब मांडला. सुरुवातीच्या वर्षांत कापसाचं उत्पादन वाढलं, पण त्याचं श्रेय खतं, ओलीत आणि नव्या कीटकनाशकांनाही जातं. रस शोषणाऱ्या किडी वाढल्या, गुलाबी अळी परतली, आणि शेवटी शेतकरी कीटकनाशकांवर बीटीच्या आधीपेक्षा जास्त खर्च करू लागला, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यावर उलट टीका झाली, आकड्यांवरून वाद झाला. तो व्हायलाच हवा होता. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की एकट्या कीटकशास्त्रज्ञाला अळी का परतली ते सांगता आलं असतं, एकट्या मानववंशशास्त्रज्ञाला शेतकरी गोंधळला का ते. दोघं एकत्र बसल्यावर तिसरा प्रश्न पुढे आला: मुळात हा जनुक संकरित वाणातच का घातला? जगात बहुतेक ठिकाणी बीटी कापूस सरळ वाणाचा आहे, त्याचं बी राखून पुढच्या वर्षी पेरता येतं. आपल्याकडे संकरित, म्हणून दरवर्षी नवी पिशवी. संकरिताची झाडं विरळ लावायची, पीक जास्त दिवस उभं, म्हणजे हलक्या रानात पाऊस संपल्यावर बोंडं भरायची आणि तेव्हाच गुलाबी अळीचा जोर. पैशाचा निर्णय, शेतीचा निर्णय आणि न्यायाचा निर्णय, तिन्ही त्या एका निवडीत दडलेले होते. पण हा हिशेब १८ वर्षांनी झाला. परवानगीच्या वेळी तो होऊ शकला असता.

आता निंदणाकडे येऊ, कारण आजचा खरा पेच तिथे आहे.

पेरणीनंतर पऱ्हाटीत दोन ओळींमधून डवरा फिरवता येतो. बैलामागे माणूस असतो आणि मधलं तण उपटून निघतं. पण झाडाच्या बुडाशी, ओळीतच उगवलेलं तण डवऱ्याने निघत नाही. त्यासाठी बाया लागतात. आषाढ-श्रावणात ओणव्याने एकेक तास धरून, विळ्या-खुरप्याने, चिखलात. हे काम जवळपास सगळं बायांचंच. भूमिहीन घरांत पावसाळ्यातली रोकड याच मजुरीतून येते: पोरांची वह्या-पुस्तकं, किराणा, बचत गटाचा हप्ता. दुसरीकडे शेतकऱ्याला विचारा, तो म्हणेल, ‘निंदाले बाया भेटत नाईत.’ पावसाची झड लागली की सगळ्यांचं निंदण एकाच आठवड्यात येतं. ऑटो करून दुसऱ्या गावाहून मजूर आणावे लागतात, आणि तोवर तण कमरेला येतं.

तणनाशक-सहनशील कापूस इथे शिरला. त्यात असा जनुक आहे की ग्लायफोसेट फवारलं तर तण मरतं, पऱ्हाटी मरत नाही. भारतात त्याला परवानगी नाही, तरी तो विदर्भाच्या कोपऱ्याकोपऱ्यात पोचला. गावात त्याचं नाव ‘चोरबीटी’. १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यातल्या अकोट तालुक्यात, अकोली जहांगीर गावी, शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी तो उघडपणे पेरला. संघटनेचे संस्थापक शरद जोशी यांनी रुजवलेला तंत्रज्ञान-स्वातंत्र्याचा आग्रह त्यामागे होता: जगातला शेतकरी जे वापरतो ते मला का नाही? पर्यावरण संरक्षण कायद्यात यासाठी तेव्हा पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होता. गुन्हे दाखल झाले. पेरणी थांबली नाही.

त्या आंदोलनाला मी हटवादी म्हणणार नाही. शेतकऱ्याचा मजुरीचा खर्च खरा आहे. पण चोरून आलेल्या बियाण्याची पावती नसते. पावती नाही म्हणून बी उगवलं नाही तर तक्रार करता येत नाही, भरपाई मागता येत नाही. म्हणजे कायद्याचा धोका आणि पिकाचाही धोका, दोन्ही शेतकऱ्याकडेच. ग्लायफोसेटला आपल्याकडे चहाचे मळे आणि पीक नसलेली जागा एवढ्यापुरतीच मान्यता होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगसंस्थेने २०१५ मध्ये ते ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकलं, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने त्याच्या वापरावर निर्बंध घालणारा आदेश काढला. पाठीवर पंप घेऊन फवारणारा माणूस या आदेशात कुठे बसतो?

आणि निंदणाऱ्या बायांचं काय? जनुकीय पिकांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तांत्रिक तज्ज्ञ समितीच्या बहुसंख्य सदस्यांनी २०१३ च्या अहवालात हा मुद्दा उचलला: लहान जमिनी आणि निंदणावर जगणारी मजुरी असलेल्या देशाला तणनाशक-सहनशील पिकं सोयीची नाहीत. मला हे बोलणं पटतं, पण अर्धंच. कारण ओणव्याने दिवसभर निंदणं हे काही जपून ठेवण्यासारखं सुख नाही. ते सुटावं असं त्या बायांपैकी कित्येकींना वाटत असेल. एका बाईची स्वतःची दीड एकर असते, ती सकाळी घरचं निंदते आणि उरलेले दिवस दुसऱ्याच्या रानात जाते. तिच्यासाठी तणनाशक म्हणजे बचत की बेकारी? तिला विचारल्याशिवाय याचं उत्तर नाही. नीतीचा अभ्यासक इथे ‘नको’ म्हणायला लागत नाही. तो हा एक प्रश्न चार प्रश्नांत फोडायला लागतो, म्हणजे शास्त्रज्ञाला प्रत्येकाचं मोजमाप करता येईल: मजुरीचे किती दिवस गेले, ते कोणाचे गेले, त्याऐवजी काय मिळालं, फवारणी कोणी केली.

आपल्या नियमांत असं एकत्र बसण्याची सोय अगदीच नाही असं नाही. १९८९ च्या नियमांत जनुकीय जीवांवर देखरेख ठेवणारी जिल्हा समिती आहे. जिल्हाधिकारी अध्यक्ष, सोबत कारखाना निरीक्षक, प्रदूषण मंडळाचा प्रतिनिधी, आरोग्य अधिकारी, कृषी अधिकारी. यादी वाचली की लक्षात येतं, ही कारखान्यातून जंतू बाहेर सांडला तर काय करायचं या भीतीतून बनलेली समिती आहे. शेतकरी नाही, शेतमजूर नाही, समाजाचा अभ्यास करणारं कोणी नाही. २०१२ च्या संसदीय कृषी समितीने राज्य आणि जिल्हा पातळीवरच्या या यंत्रणेच्या दुरवस्थेवर बोट ठेवलं. बासुदेब आचार्य तिचे अध्यक्ष होते, आणि अहवाल लिहिण्याआधी समितीचे खासदार यवतमाळ जिल्ह्यातल्या भांबराजा आणि मारेगावला स्वतः जाऊन आले होते. बीटी वांग्याच्या वेळी, जानेवारी-फेब्रुवारी २०१० मध्ये, पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या, त्यांत नागपूर होतं. शास्त्रज्ञ, शेतकरी, डॉक्टर, ग्राहक एका छताखाली बोलले, गोंधळही भरपूर झाला. ९ फेब्रुवारीला रमेश यांनी वांग्याला स्थगिती दिली. निर्णय पटो न पटो, मान्यता समितीने हिरवा कंदील दाखवल्यानंतर लोकांना विचारलं गेलं, हा क्रम मात्र उलटा होता.

हा उलटा क्रम जुना आहे. फेब्रुवारी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ॲसिलोमारला पॉल बर्ग यांच्या पुढाकाराने जीवशास्त्रज्ञ जमले आणि जनुक जोडण्याच्या प्रयोगांवर त्यांनी स्वतःहून बंधनं घातली. हे धैर्याचं काम होतं. पण त्यांनी चर्चा प्रयोगशाळेच्या सुरक्षिततेपुरती राखली, मालकीचे आणि समाजाचे प्रश्न बाजूला ठेवले. १९९० मध्ये मानवी जनुक प्रकल्प सुरू झाला तेव्हा मात्र त्याचे प्रमुख जेम्स वॉटसन यांनी पैशातला एक वाटा, आधी ३ आणि पुढे ५ टक्के, नैतिक आणि सामाजिक अभ्यासासाठी राखून ठेवला.

महाराष्ट्राने मात्र एका बाबतीत देशाच्या आधी पाऊल टाकलं आहे. गर्भजल परीक्षेचा वापर मुलगी ओळखून गर्भ पाडायला होऊ लागला, तेव्हा १९८० च्या दशकाच्या मध्यात मुंबईत स्त्री संघटना, डॉक्टर, शास्त्रज्ञ आणि वकील यांनी मिळून लिंगनिदानविरोधी मंच उभा केला. डॉ. संजीव कुलकर्णी यांनी १९८६ मध्ये मुंबईतल्या ५० स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी केली, त्यांत ४२ जण ही तपासणी करत होते. आकडा डॉक्टरने आणला, तो अन्याय का आहे हे बायांनी सांगितलं, कलमं वकिलांनी लिहिली. १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशातला पहिला कायदा केला, १९९४ मध्ये केंद्राने तो उचलला. अंमल नीट होत नाही म्हणून २००० मध्ये सेहत आणि मासूम या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले. तरीही राज्यात हजार मुलग्यांमागे मुली १९९१ मध्ये ९४६ होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ झाल्या. तपासणीचं यंत्र गावागावांत पोचल्यावर कायदा आला, तर तो यंत्राच्या मागे धावत राहतो.

असे प्रश्न एकत्र अभ्यासणारा माणूस आमच्याच भागात होऊन गेला. पापळ हे गाव अमरावती जिल्ह्यातल्या नांदगाव खंडेश्वर तालुक्यातलं. तिथे १८९८ मध्ये जन्मलेल्या पंजाबराव देशमुखांनी ऑक्सफर्डला वैदिक वाङ्मयातल्या धर्माच्या उगमावर प्रबंध लिहिला, परत येऊन अमरावतीच्या अंबादेवीचं देऊळ अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून लढा दिला, आणि १९५२ पासून दहा वर्षं देशाची शेती सांभाळली. धर्म काय सांगतो, न्याय काय मागतो आणि पीक कसं येतं, हे तिन्ही एकाच माणसाच्या अभ्यासात होतं. १९६९ मध्ये अकोल्याला निघालेलं कृषी विद्यापीठ त्यांच्या नावाने आहे. तिथे कापसाचे उत्तम पैदासकार झाले. नीतीचा किंवा समाजाचा अभ्यासक मात्र वाण घडवताना त्यांच्या शेजारी बसत नाही. देशात दुसरीकडेही कुठे बसतो?

नवं तंत्रज्ञान थांबलेलं नाही. मार्च २०२२ मध्ये केंद्राने जनुक-संपादनाच्या काही प्रकारांना जुन्या नियमांतून सूट दिली, मे २०२५ मध्ये तसे दोन भात जाहीर झाले. जुलै २०२४ मध्ये जनुकीय मोहरीवर सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी वेगवेगळे निकाल दिले, पण सगळ्यांशी बोलून राष्ट्रीय धोरण करा, यावर दोघांचं एकमत झालं. महाराष्ट्राने २०२५ मध्ये शेतीतल्या कृत्रिम बुद्धिमत्तेचं धोरण आणलं. उद्या मोबाइल सांगेल, आज फवारा. सल्ला चुकला तर जबाबदार कोण, हे पेरणीआधी ठरायला हवं.

कामाची सुरुवात कुठून करायची, याचं माझ्यापुरतं उत्तर साधं आहे. राज्यातल्या चार कृषी विद्यापीठांची दरवर्षी संयुक्त कृषी संशोधन समितीची, म्हणजे जॉइंट ॲग्रेस्कोची, बैठक भरते. नवी वाणं, अवजारं, शिफारशी तिथे मंजूर होतात. प्रस्तावात उत्पादन असतं, धाग्याची लांबी असते, किडीला दिलेला प्रतिसाद असतो, खर्च-फायद्याचं गुणोत्तर असतं. मजुरी त्यात खर्च म्हणून येते. तीच मजुरी दुसऱ्या कोणाची तरी कमाई आहे, असा रकाना त्यात नाही. तो घालावा: या वाणामुळे, या औषधामुळे, या यंत्रामुळे बायांच्या कामाचे एकरी किती दिवस कमी झाले आणि पुरुषांचे किती वाढले. बीटीच्या पुडीसारखी एखादी अट सोबत असेल, तर ती पाळल्याने लहान शेतकऱ्याचं किती जातं आणि ते कोण भरणार, हेही लिहावं. हे आकडे संशोधन केंद्राच्या कुंपणात मिळणार नाहीत. पैदासकाराला नांदगावसारख्या तालुक्यातल्या कोरडवाहू रानात, निंदणाच्या दिवसांत यावं लागेल, आणि सोबत समाजशास्त्राचं कोणीतरी आणावं लागेल. कारण संध्याकाळी मिळालेली रोजी घरात कोणाच्या हातात जाते आणि ती बंद झाली तर आधी काय थांबतं, हे पऱ्हाटीच्या ओळीत उभं राहून दिसत नाही, बायांजवळ बसून विचारावं लागतं.